सुकती आणि ओहोटी : किनाऱ्यावरचे पाच दिवस

यंदाच्या मे महिन्यातील आमच्या सहलीचे निमित्त एका वहीत दडलेले होते. माझी अकरा वर्षांची भाची सुट्टीसाठी पुण्याला आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या दप्तरात ‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ असा दहा वाक्प्रचारांचा स्वाध्याय होता. त्यातले नऊ तिने एका बैठकीत उरकले आणि सातव्यापाशी ती अडली. सातवा होता ‘ओहोटी लागणे’. पुस्तकाच्या शेवटी ‘ऱ्हास होणे, कमी कमी होत जाणे’ असा अर्थ छापलेला होता, पण तिला तो पुरेना. “मामा, भूक लागते, ठेच लागते, आग लागते, मग ओहोटी लागते म्हणजे नेमकं कुणाला काय लागतं?” या प्रश्नावर मी ‘लागणे’ म्हणजे सुरू होणे असे व्याकरणशुद्ध उत्तर दिले. त्यावर तिने मला ओहोटी सुरू होताना कधी पाहिली आहे का, असे विचारले. मी समुद्र अनेकदा पाहिला होता, ओहोटीही पाहिली होती. परंतु ती ‘लागताना’ पाहिली होती, असे छातीवर हात ठेवून सांगता येईना. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “मग दाखवून आणा की तिला.” चार मुक्कामांचा बेत असा त्या एका वाक्यातून ठरला.

ओहोटी पाहायची म्हणजे तिची वेळ साधायला हवी. त्यासाठी किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो : त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग रोज तितकीच उशिरा येते, म्हणून हा हिशेब जमतो. तो अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचे छापील किंवा मोबाइलवरचे वेळापत्रकही पाहून ठेवावे. मात्र पंचांग हाती घेऊन सहलीचे दिवस ठरवण्यात जी मजा आहे, ती मोबाइलमध्ये नाही. आम्ही वैशाख वद्य दशमीला निघायचे ठरवले. या निवडीत माझी एक चूक होती, ती पहिल्याच दिवशी उघड झाली.

पहिला दिवस : अलिबाग, दशमी

निघण्यापूर्वी एका मित्राने बजावले होते, “जाताना शहाणे जा, परत येताना तुम्ही अलिबागहून आलेले असाल.” ‘मी काय अलिबागहून आलोय का?’ हा प्रश्न मराठीत किती रुळला आहे, हे सांगायला नको. मला भोळा समजू नका, एवढाच त्याचा अर्थ. अलिबागकरांना तो आवडत नाही, हे उघड आहे. या बोलण्यावर बंदी आणावी, अशी मागणी घेऊन तेथील एक रहिवासी मुंबई उच्च न्यायालयातही गेले होते. विनोद सर्वच समाजांवर होतात, ते मनाला लावून घेऊ नये, अशा आशयाचे मत देऊन न्यायालयाने २०१९ मध्ये ती याचिका फेटाळली. भाचीने हा वाक्प्रचार आपल्या यादीत अकरावा म्हणून लिहिण्याची परवानगी मागितली आणि मी ती नाकारली.

पहाटे पाचला पुणे सोडून खोपोली, पेण, वडखळ असे करत आम्ही साडेनऊपर्यंत अलिबागला पोहोचलो. (मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसह बोटीने येता येते, त्यांचा प्रवास आमच्यापेक्षा सुखाचा.) दशमीची पाऊणपट साडेसात, म्हणजे ओहोटी दीडच्या सुमारास, तेव्हा साडेबाराला किनाऱ्यावर जाऊन कोरड्या वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात जायचे, असा माझा बेत होता. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंना तो ऐकवला, तेव्हा त्या तांदूळ निवडता निवडता थांबल्या.

“सुकती दीडलाच हाय,” त्या म्हणाल्या, “पण आज भांग हाय. भांगात पाणी धड चढत नाय नि धड उतरत नाय.”

या एका वाक्यात दोन शब्द होते, जे मी भूगोलात वाचले असावेत आणि विसरलोही होतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, तेव्हा समुद्राला उधाण असते : भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. मुंबई-अलिबागच्या बाजूला उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. अष्टमीच्या आगेमागे सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोनात ओढतात. त्या दिवसांतील लहानखुऱ्या भरतीला भांगाची भरती म्हणतात, आणि तिची ओहोटीही तशीच अर्धवट असते. त्यातच भांगाचा जोर अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी अधिक जाणवतो. थोडक्यात, ओहोटी पाहायला म्हणून मी पंधरवड्यातला सर्वांत कंजूष दिवस निवडला होता. दुसरा शब्द होता सुकती. सबंध दिवसात काकूंनी ‘ओहोटी’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. सुकती लागली, सुकती पुरी झाली, सुकतीची माणसे कामाला गेली. सुकण्याशी नाते सांगणारा हा शब्द त्यांच्या तोंडात इतका सहज होता की भाचीने तो लगेच वहीच्या समासात लिहून घेतला.

अपेक्षेप्रमाणे साडेबाराला किल्ल्याच्या वाटेवर पाणी होते. आमच्यासारखे दहा-बाराजण चपला हातात घेऊन विचार करत उभे होते. घोडागाडीवाले मात्र अजिबात विचारात नव्हते, कारण असे दिवस म्हणजे त्यांचा हंगाम. शेवटी सौ. आणि भाची गाडीत बसल्या आणि मी बाणेदारपणे चालत निघालो. पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत आणि मध्ये एका ठिकाणी मांडीपर्यंत आले. खिशातला रुमाल, पाकीट आणि बाणेदारपणा तिन्ही एकदमच भिजले. पायाखाली वाळू आणि मधूनमधून धारदार खडक असतो, म्हणून अनवाणी जाऊ नये. पट्ट्याचे जुने सँडल यासाठी सर्वोत्तम.

कुलाब्याच्या बांधकामाला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आयुष्याच्या अगदी अखेरच्या दिवसांत हात घातला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात हा किल्ला मराठी आरमाराचे मोठे ठाणे झाला. तटाचे प्रचंड दगड चुन्याने न सांधता नुसते एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो, असे त्याचे कारण सांगतात. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि चारही बाजूंना खारे पाणी असताना गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. मंदिराच्या सावलीत भाचीने वही काढली आणि लिहिले, “ओहोटी लागली म्हणून आम्ही कुलाबा किल्ल्यात गेलो.” वाक्य खरे होते आणि गुण शून्य मिळण्याजोगे होते. वाक्प्रचारात शब्दाचा मूळ अर्थ सोडून द्यावा लागतो, हे मी तिला समजावू लागलो. “पण इथे ओहोटी लागल्यावर तर रस्ता उघडतो,” ती म्हणाली, “मग तिचा अर्थ वाईट का?” हा वाक्प्रचार कोरड्या पायांनी काठावर उभ्या असलेल्या एखाद्या माणसाने घडवला असावा, असे मलाही त्या क्षणी वाटले आणि मी ते बोलूनही दाखवले. (ते विधान दोनच दिवसांनी मला मागे घ्यावे लागले.)

तीनपर्यंत परत आलो. जेवणात तांदळाची भाकरी, मांदेलीचे तळण, पापलेटचे कालवण आणि तोंडी लावायला अलिबागचा पांढरा कांदा. हा कांदा गोडसर असतो, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांतून पाणी काढत नाही. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उन्हाळ्यात रस्त्याकडेला त्याच्या वेण्या विणून टांगलेल्या दिसतात. घ्यायचा तर वेणीचाच घ्यावा, घरी हवेशीर जागी टांगला की बरेच दिवस टिकतो.

दुसरा दिवस : रेवदंडा, कोर्लई, मुरूड, एकादशी

सकाळ रस्त्यातच गेली. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये इतका गुरफटला आहे की तटाला लागून कुणाची तरी विहीर, कुणाचे तरी वाळवण असे दृश्य दिसते. कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडला की कोर्लईचा डोंगरी किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे गाव लागते. या लहानशा गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक भाषा आजही घरांत बोलली जाते. बोलणारे तिला ‘नोलिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण त्यांची भाषा अशी मागे राहिली. किल्ला चढायचा तर सकाळी नऊच्या आत. आम्ही साडेदहाला प्रयत्न केला आणि निम्म्या वाटेवरून परतलो. त्या उन्हाचे वर्णन करण्यात अर्थ नाही.

मुरूडला ज्या घरी उतरलो, तिथल्या आजींचा एकादशीचा उपवास होता. आमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायची त्यांची तयारी होती, परंतु आम्हीच उपवासाचे मागून घेतले : वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेले रताळे आणि वर कोकम सरबत. मत्स्याहाराच्या आशेने आलेल्या माणसांनी समुद्रापासून शंभर पावलांवर बसून वरीचे तांदूळ खावेत, यावर सौ. बराच वेळ हसत होती. आमटी मात्र तिने दोनदा मागून घेतली.

दुपार ओसरल्यावर, चारच्या सुमारास, किनाऱ्यावर गेलो. ओहोटीने धुऊन काढलेल्या ओल्या वाळूचा एवढा मोठा पट्टा उघडा पडला होता की एका टोकाला गावातल्या मुलांचे तीन क्रिकेटचे सामने चालू असूनही बाकीचा किनारा रिकामा वाटत होता. वाळूतल्या लहान खेकड्यांनी आपापल्या बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या ओळीने मांडल्या होत्या. वाळूतले अन्नकण खाऊन उरलेली वाळू ते अशी गोळ्या करून टाकतात. एखाद्या घाईच्या हाताने ठिपक्यांची रांगोळी घालावी आणि रेघा ओढायला वेळ मिळू नये, तसा तो किनारा दिसत होता. भाचीने पाऊल टाकायला जागा शोधत शोधत पन्नास पावलांना दहा मिनिटे लावली.

मग किल्ला बांधण्याचे काम निघाले. चार बुरूज, खंदक, शिंपल्यांचा दरवाजा आणि आमच्या आग्रहाखातर मध्ये एक पुष्करणी. गावातली दोन मुले न बोलावता येऊन कामाला लागली. त्यातल्या धाकट्याने आल्या आल्या सांगून टाकले, “इथे नको बांधू, पाणी फिरलंय, सातला इथे कमरेएवढं असंल.” भाचीने ऐकले नाही. साडेपाचला पहिली जीभ खंदकात आली, सहापर्यंत पश्चिमेचा बुरूज गेला आणि त्यानंतर तिघांनी मिळून जे तटबंदीचे युद्ध खेळले, त्याला या सहलीतील सर्वोच्च आनंदाचा मान द्यावा लागेल. पाणी अडवता येत नाही हे तिघांनाही माहीत होते, तरी तिघेही ओरडत वाळू लोटत होती. आनंदाला उधाण येणे हा स्वाध्यायातला तिसरा वाक्प्रचार होता. त्याचे वाक्य भाचीने पुण्यात कोरडेच लिहून टाकले होते, याची मला हळहळ वाटली.

समुद्रात डुंबण्याबद्दल एक सूचना आजींनी दिली, ती इथे नोंदवतो : पाण्यात उतरायचे ते चढत्या पाण्यात. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते आणि खाडीच्या मुखापाशी तर ही ओढ वरून शांत दिसणाऱ्या पाण्यातही असते. स्थानिक माणूस पाण्यात नसेल, तर आपणही नसावे.

तिसरा दिवस : राजपुरी, जंजिरा, दिवेआगर, द्वादशी

राजपुरीच्या धक्क्यावर सकाळी आठला पोहोचलो. द्वादशीची भरती नवाची. पाणी चढत होते आणि शिडाच्या होड्या माणसांची वाट पाहत डोलत होत्या. आमच्या होडीचे तांडेल सत्तरीच्या आसपासचे होते, अंगाने वाळकुंडे, आवाजाने मोठे. शीड उभारेपर्यंत त्यांनी आम्हाला तीनदा जागा बदलायला लावली, कारण कुणी कुठे बसायचे हे वजनावर ठरते आणि माझे वजन त्यांना गैरसोयीच्या बाजूला सापडले होते.

जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. समोर नुसता सलग तट दिसत राहतो आणि मग एका वळणावर दोन बुरुजांमधून तो एकदम पुढ्यात येतो. होडी पायऱ्यांना लागली की लाट वर असताना पाय टाकायचा, खाली असताना नाही. हे तांडेल ओरडून सांगतात आणि निम्मे लोक नेमके उलटे करतात. आत गोड्या पाण्याचे तलाव, सिद्दींच्या वाड्याचे भग्न मजले आणि बुरुजावर बावीस टनांहून अधिक वजनाची म्हणून सांगितली जाणारी कलालबांगडी तोफ. ‘जंजिरा’ हा शब्दच बेट या अर्थाच्या अरबी ‘जझीरा’पासून आला आहे. हे बेट कुणालाच जिंकता आले नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड टाकून सेतू बांधण्याचे काम सुरू केले होते, तेही पुरे झाले नाही. पहिल्या दिवशीच्या कुलाब्याशी भाचीने याची तुलना लगेच केली. कुलाब्याला समुद्र रोज दोनदा आपण होऊन वाट देतो. जंजिऱ्याला ओहोटी लागो की सुकती, वाट मिळत नाही.

तिने ‘ओहोटी लागो की सुकती’ असे म्हटले आणि परतीच्या होडीत सुकाणू धरून बसलेल्या तांडेलांनी ते ऐकले. “सुकती कुणी शिकवली तुला?” त्यांनी विचारले. तिने अलिबागच्या काकूंचे नाव सांगितले आणि मग वहीतला वाक्प्रचारही सांगितला.

“आजोबा, तुम्ही ओहोटी म्हणता की सुकती?”

“दर्याची ती सुकती,” ते म्हणाले. “ती जाते, परत भरते. तिचं काय दुःख नाय, तिच्यावर तर आमची पोटं चालतात. ओहोटी मासळीला लागली.” मग शिडाची दोरी जरा सैल करून, आमच्याकडे न बघता त्यांनी पुढचे सांगितले. त्यांच्या लहानपणी खाडीच्या तोंडाशी जाळे टाकले तरी घरापुरते मिळायचे. आता त्यासाठी बोट दूर न्यावी लागते, डिझेल जळते आणि कधी कधी बर्फाचाही खर्च निघत नाही. मुलगा मुंबईला नोकरी करतो. “धंद्याला ओहोटी लागली. ती भरत नाय.”

होडीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. कुलाब्याच्या तटावर मी या वाक्प्रचाराला काठावरच्या माणसाची करामत म्हटले होते. इथे तो आयुष्य पाण्यावर काढलेल्या माणसाच्या तोंडी होता आणि नेमक्या छापील अर्थाने होता. फरक एवढाच की समुद्रासाठी त्यांनी दुसरा शब्द राखून ठेवला होता. जे परत येते ते सुकती, जे परत येत नाही ती ओहोटी. सबंध किनारा असाच बोलतो असा दावा मी करणार नाही, एका माणसाच्या बोलण्यावरून नियम काढू नये; परंतु कोशात एकमेकांसमोर ठेवलेले हे दोन समानार्थी शब्द त्या होडीत समानार्थी नव्हते, एवढे मात्र खरे.

धक्क्यावर उतरताना त्यांनी भाचीला विचारले, “लिहिलंस का?” तिने आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या बोटीत ते लिहिले. ही बोट गाड्यांसह खाडी ओलांडून देते आणि मोठा वळसा वाचवते; सुट्टीच्या दिवसांत रांग लागते, म्हणून तासभर हाताशी ठेवावा. मी खिडकीतून डोकावून पाहिले. वहीत होते, “राजपुरीच्या आजोबांच्या मासळीला ओहोटी लागली, म्हणून त्यांचा मुलगा मुंबईला गेला.” मी त्यात काहीही सुधारले नाही.

दिवेआगरला सुरूच्या बनामागे मुक्काम होता. दुपारी उकडीचे मोदक खाल्ले. हे गाव मोदकांसाठी प्रसिद्ध आहे, पण आयत्या वेळी मागून मिळत नाहीत, सकाळी फोन करून संख्या सांगावी लागते. आम्ही पंधरा सांगितले होते. त्यांतले सात कुणी खाल्ले, याविषयी घरात अजून एकमत नाही.

चौथा दिवस : हरिहरेश्वर, त्रयोदशी

दिवेआगरहून श्रीवर्धनकडे येणारा रस्ता बराच वेळ समुद्राला चिकटून जातो. वाटेत दोन ठिकाणी होड्या वर ओढण्याची तयारी दिसली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याआधी जाळी धुऊन वाळवायची, होड्या शाकारायच्या, अशी सगळीकडे धांदल होती. वाळत घातलेल्या बोंबलांचा आणि जवळ्याचा वास गाडीच्या काचा बंद केल्या तरी आत येत होता, सौ.ने त्याच वासाच्या दिशेने गाडी वळवायला लावून पावसाळ्याची बेगमी म्हणून सोडे घेतले.

हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे दर्शन घेण्याची रीत आहे. देवळामागून निघणारा प्रदक्षिणेचा मार्ग डोंगराच्या फटीतून पायऱ्यांनी खाली उतरतो आणि मग सरळ समुद्रातल्या खडकांवर येतो, त्यामुळे ही प्रदक्षिणा फक्त ओहोटीतच करता येते. त्रयोदशीची भरती पावणेदहाची, ओहोटी पावणेचारची. भांग मागे पडला होता, अमावास्या जवळ येत होती, म्हणून या दिवशी पाणी चांगले उतरणार होते. तरीही आम्ही स्वतःच्या हिशेबावर न जाता देवळाजवळच्या दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, “तीनला उतरा, साडेचारला वर या. खडकाच्या कडेला फोटो काढत उभं राहू नका.” या मार्गावर लाटेने माणसे ओढून नेल्याचे प्रसंग घडले आहेत; तिथल्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. वर्षाऋतूत तर खाली उतरूच नये.

खाली उतरल्यावर जे दिसते त्याची कल्पना वरून येत नाही. लाटांनी आणि मिठाने काळा खडक असा कोरला आहे की काही भिंती मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसतात. सारख्या आकाराच्या शेकडो खळग्या, मध्ये कागदासारखे पातळ पडदे. ओहोटीने मागे सोडलेल्या डबक्यांमध्ये एक वेगळेच गाव वसलेले होते : बोटभर मासे, पाठीवर शंख घेऊन पळणारे खेकडे, स्पर्श होताच मिटणारी समुद्रफुले. भाची एका डबक्यापाशी पालथी पडली आणि उठायला तयार होईना.

थोड्या पुढे तीन बाया खडकावर उकिडव्या बसून कालवे काढत होत्या. एका हाताने शिंपला चाचपायचा, दुसऱ्या हातातल्या कोयतीच्या टोकाने त्याचे झाकण उडवायचे आणि आतला गर डब्यात टाकायचा. तीन हालचालींचा हा ठेका इतका जलद होता की डोळ्यांना फक्त डब्यावरचा आवाज मोजता येत होता. कालवाच्या कडा पात्यासारख्या असतात, त्यांच्या बोटांवर त्याच्या खुणा होत्या. किती वेळ काढता, असे सौ.ने विचारले. “सुकती लागली की यायचं, पाणी फिरलं की घरी,” त्यांतली वयस्क बाई म्हणाली. हे ऐकताच डबक्यावरून डोके वर झाले.

“मामा, ‘पाणी फिरणे’ आठवा आहे. मी ‘मेहनतीवर पाणी फिरले’ असं लिहिलंय.”

ती बाई हसली. “पाणी नाय फिरलं तर मी घरी जाणार कधी, गे? भात कोण टाकणार?”

त्यांच्याकडून थोडी कालवे विकत घेतली आणि उतरलेल्या घरी दिली. कांदा-खोबऱ्याचे वाटण, आमसूल आणि अगदी थोडा रस ठेवून केलेले ते कालवण गरम भाताबरोबर खाताना कुणीही बोलत नव्हते. कालवे आधी नीट धुवावी लागतात, शिंपल्याची कच राहिली तर सगळा बेत फसतो. आणि ज्याने ती कधीच खाल्लेली नाहीत त्याने पहिल्या खेपेला थोडीच खावीत, पोटाला जड जातात.

पाचवा दिवस : परत

चतुर्दशीच्या सकाळी सातला निघालो. माणगावला चहा झाला. मागच्या सीटवर कांद्याची वेणी, सोड्यांची पिशवी आणि शिंपल्यांचा डबा यांच्यामध्ये भाची वही उघडून बसली होती; आठव्या वाक्प्रचाराखाली तिने एक ओळ मोकळी सोडली होती आणि तिथे काय लिहायचे ते ठरत नव्हते. ताम्हिणी घाटात करवंदांच्या जाळीपाशी दोन मुली द्रोण घेऊन उभ्या होत्या, म्हणून गाडी थांबवली. करवंदे तोंडात टाकता टाकता तिने माझे मनगट ओढून घड्याळ पाहिले. साडेदहा वाजायला दोन मिनिटे होती. तिने बोटांवर काहीतरी मोजले.

“चौदाची पाऊणपट साडेदहा,” ती म्हणाली. “मामा, आत्ता कुलाब्याची वाट बुडली असेल.”